रिकाम्या भूमीवरचे राज्य

दिवाळीच्या सुट्टीत मुले संगणकापुढून हलत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या वडील मंडळींनी एकदा त्यांच्या खांद्यावरून त्या पडद्याकडे नीट पाहावे. पडद्यावर ‘सिव्हिलायझेशन’ असेल, तर चिरंजीव राज्यशास्त्र शिकत आहेत असे खुशाल समजावे. कोणते राज्यशास्त्र, हा प्रश्न निराळा; आणि तोच येथे पाहावयाचा आहे.

सिड मायर व ब्रूस शेली यांनी अमेरिकेत हा खेळ १९९१ साली सिद्ध केला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सातवी २०२५ सालची. मी लिहितो आहे तो मुख्यतः पहिलीविषयी, कारण खेळाचा मूळ पीळ तिच्यातच उघडा दिसतो. काळ इसवी सनापूर्वी ४००० वर्षांचा. चहूकडे काळोख, मध्ये उजेडाचा लहानसा तुकडा, आणि त्यावर वसाहतकऱ्यांची टोळी. तिने नगर वसवायचे. नगर थोडे भरले की त्यातलीच माणसे काढून नवी टोळी पुढे धाडायची. मुरलेला खेळाडू आरंभीच्या शतकांत याखेरीज फारसे काही करीत नाही. देवळे, ग्रंथालये, तटबंदी सारे मागाहून. शेजाऱ्याच्या आधी जमीन धरली, की अर्धा डाव जिंकला.

या काळात राज्यपद्धती असते हुकूमशाहीची, आणि रचनाकारांची खरी बुद्धी येथे दिसते. हुकूमशाहीत ज्या चौकोनाचे उत्पन्न तीन किंवा अधिक, त्यातले एक कापले जाते. कुरणाला पाट काढून पाणी दिले, दोनाचे तीन झाले, तरी तिसरे माप हाती येत नाही. मग रयतेने पाट खणावा कशाला? नागरिकशास्त्राच्या तासाला जे मला तासभर खडू झिजवून साधत नाही, ते या एका वजाबाकीने साधले आहे. शिवाय नगर राजधानीपासून जितके दूर, तितका त्याच्या व्यापारातला हिस्सा भ्रष्टाचारात जातो. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको.

पण गंमत अशी, की विस्ताराला सोयीची तीच हुकूमशाही. वसाहतकऱ्यांची टोळी तिच्यात धान्याचे एकच माप खाते; राजेशाहीत किंवा प्रजासत्ताकात दोन. नगराच्या वस्तीइतके शिपाई फुकट पोसले जातात. म्हणून जोवर जमीन मोकळी आहे तोवर जुलूम परवडतो, आणि जमीन संपत आली की सुधारणा परवडू लागते. राजेशाहीत ती कपात नाही. प्रजासत्ताकात व्यापार मिळणाऱ्या प्रत्येक चौकोनावर आणखी एक माप व्यापार वाढतो. मात्र सैन्य वेशीबाहेर गेले की घरी नाराजी. बदलासाठी क्रांती पुकारावी लागते आणि काही खेळ्या अराजकात काढाव्या लागतात. ज्याने पिरॅमिड बांधले त्याला मात्र हे अराजक माफ! फेअरोंच्या थडग्यांनी राज्यक्रांती सुलभ व्हावी, हा विनोद रचनाकारांना कळून केलेला असावा काय?

हे सारे हिशेब पटतात. न पटते ते हे, की हिशेबाखेरीज दुसरे काही नाही. ही प्रजा दंगा करते, पण मागणी करीत नाही. ऐषाराम वाढवा, देऊळ बांधा, शिपाई बसवा, ती गप्प होते. ‘आम्हांस प्रजासत्ताक हवे’ असे एकही नगर म्हणत नाही. त्यातून हिंदी लोकांचे पुढारीपण गांधीजींकडे दिलेले! म्हणजे आपण हिंदी लोक घेऊन खेळलो, तर साऱ्या डावाचा आरंभ गांधीजींच्या हुकूमशाहीने होतो, आणि ती सोडायची केव्हा हे धान्याच्या मापांवरून ठरते.

दुसरी उणीव मला अधिक टोचते. वाटेत झोपड्या लागतात. आपला शिपाई शिरला की कधी सोने मिळते, कधी विद्या, कधी भाडोत्री सैनिक. कधी उलट हल्लाही होतो. आणि झोपडी नकाशावरून नाहीशी! तीत कोण राहत होते, हे कोणी विचारत नाही. ज्या देशात हा खेळ जन्मला, तेथे पश्चिमेकडच्या विस्ताराची कहाणीही फार काळ रिकाम्या भूमीची म्हणूनच सांगितली जात असे. आमचा कौटिल्य काही मऊ माणूस नव्हे. पण ‘अर्थशास्त्रा’त नवे जनपद वसविण्याचा जो अध्याय आहे, त्यात माणसे कोठून आणावी, एका गावात शंभर ते पाचशे कुटुंबे असावी, त्यांना करात सूट आणि धान्य, गुरे, रोकड यांची मदत द्यावी, हे सारे त्याने मांडले आहे. त्याच्या वसाहतकऱ्याला पोट आहे आणि राजाकडे मागणेही आहे.

पुढच्या आवृत्त्यांत काही सुधारणा झाली. चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २००५ साली, प्रत्येक नवे नगर खजिन्यावर बोजा टाकू लागले. तेव्हापासून आंधळा विस्तार करणाऱ्याचे दिवाळे निघते. सहाव्या आवृत्तीत, २०१६ साली, धोरणांचे पत्ते आले आणि अराजक जवळजवळ गेलेच. खेळ सुटसुटीत झाला खरा. पण सत्ता बदलताना छातीत जी धडकी भरे, ती आता भरत नाही, आणि मला तरी जुनाच डाव पुन्हा मांडावासा वाटतो.