‘मी सहमत आहे’ : संमतीच्या भाषेचे एक परीक्षण

मोबाइलवरून पैसे देण्याचे ॲप प्रथम उघडताना जे गोपनीयता-निवेदन पुढे येते, ते वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही. किंबहुना ते बहुधा कोणीच वाचीत नाही. तथापि जेथे ते मराठीत मिळते, तेथे त्याच्या व्याकरणाचे परीक्षण अगत्याचे ठरते.

‘आपली माहिती गोळा केली जाऊ शकते’, ‘ती भागीदारांना दिली जाऊ शकते’ ह्या साच्याची वाक्ये घ्यावीत. गोळा कोण करणार? ‘जा’ ह्या साहाय्यक धातूने साधलेल्या नवीन कर्मणी प्रयोगात कर्ता सहज लोपतो. ‘शकणे’ जोडल्याने क्रिया घडते की नाही हेही अनुत्तरित राहते. ‘भागीदार’ हा शब्द तर अधिकच फसवा. आपल्याकडे भागीदार म्हणजे नफ्यातोट्याचा वाटेकरी. येथे मात्र ग्राहकास सर्वस्वी अनोळखी असा तिसरा पक्ष. अशा निष्कर्तृक वाक्यांच्या शेवटी एकच प्रथमपुरुषी वाक्य येते : ‘मी सहमत आहे’. घेणारा पडद्याआड, देणारा तेवढा उजेडात!

कायदेशीर लेखनास अशी व्यापकता लागतेच, असा प्रतिवाद केला जाईल. तो टिकणारा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचे कलम ६ मुक्त, विशिष्ट, ज्ञानपूर्वक, विनाअट आणि निःसंदिग्ध संमती मागते. ‘जाऊ शकते’ ह्यास दिलेला होकार निःसंदिग्ध कसा मानावा? त्याच कलमातील दृष्टान्त मननीय आहे. दूरवैद्यकीय सेवेच्या ॲपने फोनमधील संपर्कयादीही मागितली आणि ग्राहकाने दोहोंस होकार दिला, तरी यादी त्या सेवेस आवश्यक नसल्याने संमती सेवेपुरतीच मर्यादित राहते. हाच निकष वाशीच्या घाऊक बाजारात लावून पाहावा. माथाडी कामगार क्यूआर संकेत टिपून चहाचे पैसे देतो. त्यास बँक, खाते व पिन लागतात. मित्रांचे क्रमांक ही फार तर सोय. ती सोय असेल तर ती निराळी मागावी. दोन्ही मागण्या एकाच वाक्यात ‘इत्यादी’सह बांधणे हा भाषेचा अपघात आहे, असे मला वाटत नाही.

संमतीची विनंती इंग्रजीत वा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असेही हा अधिनियम सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहेच. परंतु इंग्रजी वाक्यावर देवनागरी चढविल्याने ज्ञानपूर्वकता येत नाही. (आपल्या शासकीय परिपत्रकांचा ह्या बाबतीतील अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही.) ‘आम्ही तुमच्या फोनमधील नावे व क्रमांक वाचतो आणि अमुक कंपनीस देतो’ असे कर्तरी वाक्य लिहून पाहावे. ते मराठीस जड जात नाही. जड जाते ते लिहिणाऱ्यास, कारण मग कंपनीचे नाव लिहावे लागते.

ह्या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सूचना व संमती यांविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हाव्यात, अशी योजना त्या वेळी ठेवण्यात आली. नव्या सूचनांचे मराठी मसुदे कोणाकडून लिहून घेतले जातात, इकडे भाषाविभागांनी लक्ष ठेवावयास हवे.