वू (२००३) उद्धृत करण्याआधी तक्ता बघा

इंटरनेट कंपन्यांमधली स्पर्धा आणि त्यांचं नियमन हा तुमचा विषय असेल, तर टिम वू यांचा २००३ चा पेपर टाळता येणार नाही. 'नेट न्यूट्रॅलिटी' ही संज्ञा त्यातूनच रूढ झाली. पण तो वाचून मगच उद्धृत करा.

वू यांनी अमेरिकेतल्या १० मोठ्या केबल कंपन्या आणि ६ डीएसएल कंपन्यांच्या ग्राहकांवरच्या अटी तपासल्या. घरी सर्व्हर चालवू नका, व्हीपीएन वापरू नका, अशी बंधनं सापडली आणि ती केबलवाल्यांकडे बरीच जास्त होती. कुणीही न वाचता सही करतो ते करार डेटा म्हणून वाचणं, ही या पेपरची खरी कमाई.

पण हा फरक कशामुळे पडला? केबलची क्षमता वस्तीतल्या ग्राहकांत वाटली जाते, म्हणून जास्त वापरणाऱ्यावर बंधनं आली असतील. दुसरीकडे, १९९६ च्या कायद्यामुळे फोन कंपन्यांना आपल्या लाइन प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने द्याव्या लागत. केबलवर तशी सक्ती नव्हती. म्हणजे तंत्रज्ञान, नियमन आणि स्पर्धा एकदमच बदलतात. १६ कंपन्यांच्या तक्त्यातून ती वेगळी काढता येत नाहीत. म्हणून 'स्पर्धेमुळे बंधनं कमी होतात' या वाक्यापुढे 'वू (२००३)' टाकू नका. मी पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये नेमकं तेच केलं होतं. गाइडनी एवढंच विचारलं, "तक्ता बघितलास का?" बघितला नव्हता.

दुसरी मर्यादा म्हणजे, करारात लिहिलेलं आणि प्रत्यक्ष घडणारं एकच नसतं. कॉमकास्ट बिटटोरेंटची कनेक्शनं तोडते, हे २००७ मध्ये उघड झालं ते पॅकेट तपासल्यावर. कंपनी मधूनच खोटी रीसेट पॅकेट पाठवायची. प्रत्येक संगणकाला वाटायचं, समोरच्यानेच कनेक्शन बंद केलं. नुसता करार वाचून हे कळलं नसतं.

आपल्याकडे ट्रायने २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे डेटा-दर लावायला बंदी घातली. दर जाहीर असतात, त्यामुळे ते तपासता येतात. एखाद्या सेवेचा वेग गुपचूप कमी केला, तर मात्र मोजल्याशिवाय पत्ता लागत नाही.

तेव्हा प्रपोजल लिहिण्याआधी ठरवा, कंपनी काय लिहिते ते अभ्यासायचंय की काय करते ते? दोन्हींसाठी डेटा वेगळा लागतो.