उफ्फीत्सीतल्या तीन मेरी

फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयात सिंहासनावर बसलेल्या मेरीची तीन भव्य चित्रे एकाच दालनात आहेत. एका बाजूला चिमाबुए, दुसऱ्या बाजूला दुच्चो, मधोमध जोत्तो. पाहणारा आपसूक निकाल देऊन मोकळा होतो: जोत्तोची मेरी हाडामांसाची, बाकीच्या दोघी तिथवर न पोहोचलेल्या. हा निकाल आपला नाही. १५५० साली जॉर्जो वाझारीने चित्रकारांची चरित्रे प्रसिद्ध केली. चिमाबुएने आरंभ केला आणि जोत्तो त्याच्या पुढे गेला, ही मांडणी त्यातली. उफ्फीत्सीची इमारतही मूळ वाझारीच्याच आराखड्याची, त्यामुळे त्याच्या घरात त्याचेच म्हणणे चालायचे!

पण ही चित्रे शेजारी-शेजारी लावण्यासाठी काढलेलीच नव्हती. ती तीन वेगळ्या चर्चमधली. दुच्चोचे चित्र सांता मारिया नोव्हेल्लामधल्या ‘लाउदेसी’ मंडळींनी करून घेतले. मेरीची स्तुतिगीते गाणारे हे लोक, म्हणजे आपल्याकडचे भजनी मंडळच म्हणा ना. त्यांचा १५ एप्रिल १२८५चा करार उपलब्ध आहे. मोबदला १५० लिरा. सोने आणि भारी निळा रंग चित्रकाराने पदरच्या पैशाने घालायचा. आणि काम पसंत पडले नाही, तर मंडळ चित्र घेणार नाही. साडेचार मीटर उंचीचा फलक दुच्चोने मग कुठे ठेवला असता?

वाझारीने हे चित्र चिमाबुएच्या नावावर टाकले होते. ते सिएनाच्या दुच्चोचे ठरल्यावर खरे तर त्याच्या शर्यतीतून ते बाहेरच पडायला हवे होते. कारण दुच्चोला वजन दाखवायचे नाही. मेरीच्या झग्याची सोनेरी किनार पाहा: गुडघ्यावरून वळत, हेलकावे घेत ती पायांपर्यंत उतरते. सिंहासन धरणारे सहा देवदूत हवेतच गुडघे टेकून बसले आहेत. हे न जमलेले वास्तव नव्हे. गाणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी केलेली ती लय आहे. जोत्तोचे चित्र तर दुच्चोच्या करारानंतर दोनेक दशकांनी आलेले. त्याच्याशी तुलना करून दुच्चोला उणे गुण देणे मला अन्यायाचे वाटते.

दालनाला चर्चसारखे उघड्या तुळयांचे छप्पर दिले आहे. कल्पना चांगली, पण छपराने वेदी परत येत नाही. सांता मारिया नोव्हेल्लात मात्र जोत्तोचा भला मोठा क्रूस आजही उंचावर टांगलेला आहे, शेजारी कोणी प्रतिस्पर्धी नाही. प्रवाशाने आधी तिथे जाऊन मान वर करावी. मग उफ्फीत्सीत दुच्चोसमोर उभे राहताना थोडा वेळ जोत्तोकडे पाठ करावी.