लॉकअपमध्ये मेला तो कोण होता?

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. बापाच्या धाकात वाढलेला, नोकरीत डावलला गेलेला सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर ओम पुरींनी असा उभा केला की तो विसरता येत नाही. हा वेलणकर एका भुरट्या चोराला लॉकअपमध्ये इतके मारतो की त्यात तो मरतो. तिथून पुढे प्रेक्षकाला एकच घोर लागतो : आता वेलणकरचे कसे होणार?

आम्हालाही तोच घोर लागला. चित्रपट संपल्यावर मात्र आम्ही एकमेकांना विचारले, त्या चोराचे नाव काय होते? कोणालाच सांगता येईना. वर्दीतल्या हिंसेची मुळे शोधणारी ही मोठी कलाकृती आहे, यात वाद नाही. पण ती मारणाऱ्याच्या मनात शिरते, मेलेल्याच्या घरात शिरत नाही. आमच्या मते तिचे सत्य इथे अर्धे राहते.

उरलेल्या अर्ध्याकडे २०२१ चा तमिळ ‘जय भीम’ जातो. तमिळनाडूतल्या १९९३ च्या कोठडीमृत्यूवर तो आधारलेला आहे. इथे मेलेल्याला राजाकन्नू हे नाव आहे आणि त्याची गरोदर बायको उच्च न्यायालयापर्यंत जाते. वकिलाची भूमिका मोठ्या नटाकडे असल्याने हळूहळू तोच नायक होतो, हा दोष आम्हाला जाणवला. तरी चौकशी करत फिरणारी ती बाई मनातून जात नाही.

आता आपल्याकडे वळू. परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर पकडला गेला. औरंगाबादला नेताना तो पळाला, असे जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले. सीआयडीच्या तपासात ती हकीकत खोटी ठरली. त्याच्यासोबतचे आरोपी २००५ साली निर्दोष सुटले. आरोपी पोलिसांना २०२० साली पुन्हा सेवेत घेण्यात आले. मयत मिळालीच नाही, त्यामुळे दफन नाही, फातेहा पढायला कबर नाही. आई कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली.

याच परभणीचे नाव डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आले. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा दलित तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तेव्हा हे दुःख एकट्या आमच्या जमातीचे नाही.

या विषयावरच्या आमच्या लिखाणात निषेध भरपूर असतो, माणूस क्वचित असतो. पोलीस दुष्ट, व्यवस्था आंधळी, एवढे म्हणून आम्ही थांबतो. त्या मुलाला जेवणात काय आवडे, आई दाराची कडी कधीपर्यंत उघडी ठेवत होती, हे लिहिण्याची वाट आम्ही कोणाकडून पाहतो आहोत? वेलणकरची गोष्ट पानवलकरांनी लिहिली. त्या आईची गोष्ट लिहिणे आमच्याकडे लागते.