काळी, पांढरी आणि माळवद

मराठवाड्यात गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत: काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे. ही विभागणी मला आपल्याकडच्या वास्तुरचनेचा पहिला नियम वाटते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया स्थिर राहत नाही. मुखेड परिसरातील जुनी घरे पाहिली की नियमाचा पुढचा भाग कळतो. भिंतीचा दगड जवळच्या खडकातला, माळवदावरची माती पांढरीतली. दोन-तीन फुटी भिंती आणि मातीचे जाड छत यांमुळे वैशाखातही माजघर थंड राहते.

‘निसर्गाशी सुसंवादी’ म्हणून या घराचा हल्ली गौरव होतो. तो मला अपुरा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. भिंतीचे आतले व बाहेरचे तोंड आरपार दगडांनी बांधलेले नव्हते; मध्ये माती-कपच्यांची भर होती. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे जुन्या मातीवर नवी चढत गेली होती. हादऱ्याने भिंती फाकल्या, ओझे खाली आले. जिथे माळवद लाकडी खांबांवर पेललेले होते, तिथे भिंती ढासळूनही छत तगल्याची उदाहरणे आढळली. दोष मातीचा नव्हता. बांधणीचा आणि वजनाचा होता.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी हलवली गेली. भूकंपात टिकणारी घरे हवीच होती. दगडाखाली झोपायला माणसे धजत नव्हती, हेही खरे. पण सरळ रेषेतल्या भूखंडांत ओसरी, अंगण, गोठा आणि भावकीची आळी यांना पूर्वीची जागा उरली नाही. याउलट, उभ्या राहिलेल्या घरांसाठी सुचवलेले उपाय साधे होते: छतावरची माती कमी करा, भिंतीची दोन्ही तोंडे एकमेकांना बांधा, भिंतींना सलग पट्टा द्या. माझ्या मते किल्लारीचा खरा धडा या उपायांत होता. लोकांच्या मनात मात्र धडा उरला तो एवढाच: दगड-माती वाईट, स्लॅब चांगला.

आज आमच्याकडे रस्त्यालगतच्या काळ्या रानात प्लॉट पडतात. पाया त्या मातीला साजेसा घेतला नाही, तर काही पावसाळ्यांत दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. वर उघडा स्लॅब रात्रीपर्यंत धग सोडत राहतो. जुन्या घराने ओझे विसरले होते, नव्याने जमीन आणि ऊन विसरले.

म्हणून घर मातीचे की सिमेंटचे, हा वाद मला दुय्यम वाटतो. खाली काळी आहे की पांढरी, डोक्यावर भार किती, भिंत भिंतीला धरून आहे का, हे आधी विचारावे. त्यानंतर सुसंवादाची भाषा करावी.