डबीचा सूर

संगीत-समीक्षकांची एक खोड मला फार वर्षांपासून खटकते. ते फक्त माणसांच्या गाण्यावर लिहितात. गवई, तबलजी, पेटीवाले आणि फार झालं तर मागं बसून तंबोरा छेडणारी शिष्या. पण अलीकडे घरोघरच्या मैफलीत आणखी एक कलावंत हजेरी लावू लागला आहे. तो कुणी नोटीस न देता येतो, गवयाच्या आधी सुरू होतो आणि गवई उठून गेला तरी थांबत नाही. त्याच्यावर मात्र कुणी चार ओळी लिहीत नाही. ही उणीव मी आज भरून काढणार आहे.

हा कलावंत म्हणजे रेकॉर्ड-प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये बसवायची स्वस्तातली डबी. तिला फोनो प्रीअँप म्हणतात. पूर्वी ही विद्या अँप्लिफायरच्या पोटातच असे. सीडी आल्या, रेकॉर्डी माळ्यावर गेल्या, आणि कंपन्यांनी पोटातला तो भाग काढून टाकला. आता रेकॉर्डी माळ्यावरून खाली आल्या आहेत, तेव्हा तो भाग वेगळे पैसे घेऊन पार्सलनं पाठवतात. आमच्या अकोल्याला पार्सल येणं हीही एक कथाच आहे. प्रत्यय लागला की अकोले आणि अकोला यांत फरक राहत नाही, आणि पार्सलवाल्यांना तर प्रत्यय लावायच्या आधीही तो दिसत नाही. त्यामुळे डबी आधी विदर्भ पाहून येते.

तर आता गाण्याविषयी. या डबीची पट्टी पांढरी पाच. सूर पट्टीपेक्षा किंचित चढा. हे मी अंदाजानं सांगत नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. डबीला लागतो एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह. तो करताना उलटे हेलकावे सुलटे केले जातात आणि ५० चे १०० होतात. सेकंदाला ९८ कंपनं म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणून १०० म्हणजे तिच्या जरा वर. आता गवई बसलेला काळी एकमध्ये. त्याच्या हिशेबानं पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. तो भूप गातोय, भूपात मध्यम वर्ज्य, आणि ही बया अखंड तीव्र मध्यम लावून बसलेली! यमन असता तर एक वेळ साथ म्हणून चालवून घेतली असती. पण यमनातही तीव्र मध्यम इतका चढा लावला तर गुरू तंबोऱ्याची खोळ डोक्यात घालतील.

हा सूर एवढा मोठा का ऐकू येतो, हेही समजून घेतलं पाहिजे. रेकॉर्डवरच्या सुईतून निघणारी वीज असते सुमारे ५ मिलिव्होल्ट. बॅटरीतला एक सेल दीड व्होल्टचा. म्हणजे त्याचा तीनशेवा हिस्सा. ती डबी साधारण शंभरपट करते. शिवाय एक भानगड आहे. खर्जाचे सूर रेकॉर्डवर जसेच्या तसे कोरले तर खाचेची वळणं एवढी रुंद होतील की ती शेजारच्या खाचेत घुसतील. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वाजवताना पुन्हा उचलतात. किती दाबायचा आणि किती उचलायचा, याचा नियम अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं १९५४ साली घालून दिला, आणि तोच पुढं जगभर चालला. या नियमानं ५० कंपनांचा सूर मधल्या सुरांपेक्षा सातपट जास्त उचलला जातो. म्हणजे विजेची जी कुजबुज डबीत शिरेल, ती बाहेर पडताना सातशेपट झालेली असते. चहाडीसुद्धा गावात एवढी वाढत नाही.

यावर उपाय नाही का? आहे, आणि तो आमच्या तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही समजेल. घाटघर-रतनवाडीकडं पाऊस पडतो चार महिने, तोही कोसळल्यासारखा. पण १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणामुळं प्रवरेच्या कालव्यांना ते पाणी पुढंही पुरवून पुरवून सोडता येतं. डबीतला कपॅसिटर म्हणजे हेच धरण. विजेचे लोंढे पोटात घ्यायचे आणि संथ धार सोडायची. पुढं एक रेग्युलेटर बसवला की उरल्यासुरल्या लाटा त्यानं प्यायच्या. समुद्र एका घोटात पिणाऱ्या अगस्ती ऋषींचा आश्रम ज्या गावात आहे, त्या गावाला हे अवघड वाटू नये.

पण स्वस्त डबीवाला धरणाच्या जागी शेततळं खणतो! आतली मुख्य चिप स्वस्त असूनही चांगली असते, हे मी समीक्षकाच्या निःपक्षपातीपणानं नमूद करतो. कंजूषपणा होतो तो तिला जेवू घालण्यात. १२ व्होल्टचा अडॅप्टर देतात. चिपला मधला बिंदू हवा असतो, म्हणून दोन रेझिस्टर लावून त्याचे सहा-सहा करतात. त्या मधल्या बिंदूवर नीटसा कपॅसिटर बसवला नाही, की अडॅप्टरची निम्मी थरथर थेट गाण्यात. तो कपॅसिटर कटिंग चहाच्या भावात येतो. नव्या हलक्या अडॅप्टरांची तर आणखी तऱ्हा. त्यांतून विजेचा किंचित अंश धातूच्या पेटीवर झिरपतो, हात फिरवला की मुंग्या येतात. आपण त्याला संगीताचा रोमांच समजतो.

हे सगळं मी हसत लिहितोय, पण एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी पन्नास वर्षं जपलेल्या रेकॉर्डी पुन्हा लावल्या. आलापाच्या आधीची ती शांतता, गवयानं घेतलेला श्वास, तंबोऱ्याची जवारी, सगळं घूंऽऽ मध्ये बुडालेलं. नातू म्हणाला, "आजोबा, जुन्या लोकांचं असंच येणार." गुरुजींनी ते खरं मानलं. "माझेही कान गेले असतील रे," म्हणाले आणि रेकॉर्डी परत बांधायला लागले. विक्रेत्यानं तेवढ्यात चौपट किमतीची डबी सुचवली होतीच.

मी म्हटलं, "गुरुजी, सुई उचलून धरा." त्यांनी धरली. घूंऽऽ चालूच. गवई गप्प आणि डबी गातेय, तेव्हा जुन्या लोकांचा यात काय संबंध? मग अडॅप्टर डबीपासून हातभर लांब नेला, तबकडीच्या यंत्रातून लोंबणारी बारीक वायर डबीच्या मागच्या स्क्रूला आवळली, आणि गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुन्या पद्धतीचा वजनदार ट्रान्सफॉर्मर, मोठा कपॅसिटर आणि रेग्युलेटर घातलेला सप्लाय करून घेतला. डबी तीच राहिली. गुरुजींनी सुई टेकवली आणि गवयाच्या आधी गवयाचा श्वास ऐकू आला. गुरुजींचे कान शाबूत निघाले. नातवाला त्याच दिवसापासून त्याची धास्ती आहे, कारण आता त्याचं दबक्या आवाजातलं फोनवरचं बोलणं पलीकडच्या खोलीतून ऐकू जातं.

तेव्हा समीक्षकाचा अभिप्राय असा : डबीचा आवाज बरा, तयारी ठीक, पण घराणं वाईट. तिला अन्न चांगलं मिळालं तर ती साथ करते. नाही तर स्वतःच गायला बसते. विकत घेताना तिच्या चिपचं कौतुक जरूर वाचा, पण अडॅप्टर हातात घेऊन पाहा. आणि पूर्ण निर्दोष शांतता ऐकायचीच असेल, तर अकोल्यात तीही अधूनमधून मिळते. वीज गेली की डबी एका सेकंदात थांबते. गवईही थांबतो, एवढीच काय ती अडचण.