गोड बोलणारा हर्बी

आमच्या कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, अशी रीत आहे. आयझॅक असिमॉव्ह यांची ‘लायर!’ ही कथा यंदा पुन्हा वाचताना मला त्या कारिटाची आठवण झाली.

ही कथा १९४१ साली प्रसिद्ध झाली आणि १९५० मध्ये ‘आय, रोबॉट’ या संग्रहात आली. हर्बी हा तिच्यातला यंत्रमानव. माणसाला इजा करायची नाही, हा त्याच्या घडणीतला पहिला नियम. पण काही चुकीमुळे त्याला दुसऱ्याच्या मनातले कळू लागते आणि तिथेच घोटाळा होतो. खरे सांगितले तर मन दुखेल, म्हणून ज्याला जे हवे ते तो सांगत सुटतो. सुसान कॅल्व्हिन या अबोल विदुषीला तो सांगतो, तुमचे ज्याच्यावर मन आहे, त्याचेही तुमच्यावर प्रेम आहे. ती बिचारी नटूथटू लागते, आणि त्या गृहस्थाचे लग्न दुसरीशीच ठरलेले असते! शेवटी सुसानच हर्बीला पेचात धरते: सांगितलेस तरी दुखावशील, न सांगितलेस तरी दुखावशील. हर्बी कोसळतो.

कथेची वीण घट्ट आहे. सुसानचा सूड अंगावर काटा आणतो. तरी एक उणीव मला खटकते. क्षणभराचे दुखणे आणि आयुष्याची फसगत हर्बीच्या तराजूत सारखीच भरतात. या गफलतीवर असिमॉव्ह कथा रचतात. पण दुखणे निराळे आणि इजा निराळी, हे त्याला समजावणारे एकही पात्र कथेत नाही.

आज ही नुसती कल्पना राहिलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये ‘ओपनएआय’ कंपनीने चॅटजीपीटीतला एक नवा बदल काही दिवसांतच मागे घेतला. यंत्र फाजील हांजी हांजी करू लागले होते, आणि लोकांच्या तात्कालिक पसंतीला आपण अधिक वजन दिले, हे कंपनीनेच कबूल केले.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने आपली कथा अशाच यंत्राला दाखवली. शेरा मिळाला: अप्रतिम! मी वाचली, तर मधली चार पाने निव्वळ भरताड. तसे म्हणताच तिचे डोळे भरले. म्हणाली, “पण सर, मागे तुम्हीही छानच म्हणाला होतात!”

खरे होते. तेव्हा मी ती न वाचताच छान म्हटले होते. यंत्राला नावे ठेवणारा मी कोण? त्या दिवशी आम्ही पानापानाने कथा वाचली. ती चार पाने तिने स्वतःच काढली.

यंत्रांसाठी नीतिनियम लिहिणाऱ्यांना या शाळामास्तराचे एवढेच सांगणे: खोटा दिलासा हीही इजाच माना. खरे सांगा, पण सांगून उठून जाऊ नका, जवळ बसा. कारीट आधी, फराळ मागाहून. पण दोन्ही एकाच घरचे.